तकल्लुफ

माझ्या नवऱ्याची हिंदी ऐकून लखनौ कधी हसलं नाही, कारण लखनौ तोंडावर हसत नाही. मान जरा कलती करतं, 'जी, जी' म्हणतं आणि पाहुणा फाटकाबाहेर पडेपर्यंत दम धरतं. नवरा मूळचा कोल्हापूरचा, रेल्वेत इंजिनीअर. नोकरीची निम्मी वर्षं उत्तरेत काढली, पण त्याची हिंदी काही रंकाळ्यावरून उठली नाही. निशातगंजच्या बाजारात भाजीवाल्याला तो सांगायचा, "भैया, ये भेंडी जून है," आणि भैया बापडा विचारात पडायचा की साहेब महिन्याचं नाव का सांगतायत. मी नागपूरची, इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करते. आमच्याकडे हिंदी शिकवावी लागत नाही. पण त्याला सुधारायचं मी लग्नानंतर थोड्याच दिवसांत सोडून दिलं होतं. मला ती हिंदी आवडायची. तिच्यात तो सगळाच्या सगळा होता.

लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा समोरच्या आपांनी जेवायला बोलावलं. आपा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, सगळी गल्ली त्यांना आपाच म्हणते. नवरा आडवा हात मारून जेवला आणि मग एकदम आठवण झाल्यासारखं पानावर हात आडवा धरून बसला. आपा म्हणाल्या, "अरे, तकल्लुफ़ न कीजिए, एक और लीजिए." त्यावर हा म्हणाला, "नहीं नहीं, हमको कुछ तकलीफ नहीं है. एकदम मस्त है." त्यावर ते अख्खं घर हसलं. लखनौ तोंडावर हसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मीही हसले. कारण मला वाटलं, यानं कोटी केली. हा माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत कोट्या करायचा, दुधवाल्यावर, ऑफिसातल्या साहेबावर, माझ्या नागपुरावर. तेव्हा तकल्लुफ आणि तकलीफ यांची गाठ त्यानं मुद्दाम मारली असणार यात मला शंका आली नाही. रस्ता ओलांडताना मी त्याच्या पाठीवर थाप मारली, "आज तर तू कमाल केलीस." तो खूश झाला. लोक कशाला हसले ते त्याला कळलं नव्हतं, आणि त्याला ते कळलं नाही हे मला कळलं नव्हतं.

तकल्लुफ या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही. संकोच आहे, उपचार आहे, भीडभाड आहे, पण त्यात सगळं बसत नाही. आपल्या माणसाशी पाहुण्यासारखं वागणं म्हणजे तकल्लुफ. या शहरात तो रोज कानावर पडतो, चहापासून मयतापर्यंत.

आणखी एका गोष्टीला मराठीत शब्द नाही. नवरा-बायकोत जे होतं ते घरात बोलायचं कसं? शरीरसंबंध हा शब्द पेपरातला आणि कोर्टातला. बाकीचे शिव्यांमधले. लग्नाच्या सुरुवातीलाच त्यानं रेल्वेतून एक शब्द घरी आणला. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाकडून परवानगी घ्यावी लागते, तिला लाइन क्लिअर म्हणतात. रविवारी दुपारी मुलगी खेळायला गेली की तो पेपरातून डोकं वर काढून भलत्या गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "काय मॅडम, लाइन क्लिअर?" मी कधी म्हणायची, "सिग्नल पडलाय," कधी म्हणायची, "मालगाडी उभी आहे, थांबा जरा." मुलगी मोठी झाली, शिकायला बंगळुरूला गेली, आमचे दोघांचे केस पांढरे व्हायला लागले, तरी त्या प्रश्नानं मला आतून हसू फुटायचं.

मग मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला. पाळी जायची वेळ आली असेल म्हणून ज्या रक्तस्रावाकडे मी काणाडोळा केला तो काही पाळीचा नव्हता. तपासणी, तुकडा, रिपोर्ट, आणि मग रेडिएशन. बाहेरून, आणि शेवटी शेवटी आतूनही. सोबत केमो. त्या काळात नवऱ्यानं माझं सगळं केलं. गाडी चालवली, उलटीचं भांडं धरलं, न्हाऊ घातलं, जुलाबानं मी हैराण झाले तेव्हा बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसला आणि आतून मी कण्हत असताना बाहेरून कोट्या करत राहिला. माझ्या अंगाची त्याला कधी घाण वाटली नाही. पुढे मी नेमकं हेच विसरले.

उपचार संपले. लोकांनी पेढे मागितले. शेवटच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये एका नर्सनं माझ्या हातात कागदी पिशवी दिली आणि चालता चालता सांगितलं, "ये रोज़ करना है, नहीं तो रास्ता बंद हो जाएगा." कसला रस्ता ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घरी येऊन उघडली तर आत लहानमोठ्या जाडीच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या कांड्या, जेलची ट्यूब आणि वापरायचं कसं त्याचा छापील कागद. मी वैज्ञानिक बाई. कागद वाचला, मला समजला, आणि मी ती पिशवी कपाटात स्वेटरांच्या खाली सारली.

पहिली तपासणी चांगली आली. त्यानंतरच्या रविवारी त्यानं कितीतरी महिन्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "लाइन क्लिअर?" मी मान हलवली. आणि मग मी किंचाळले. अशी कळ मी बाळंतपणातही भोगली नव्हती. कुणी आत काच फिरवावी तशी. तो दचकून मागे झाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. चादरीवर रक्ताचा डाग होता, लहानसाच, पण त्याची नजर त्याच्यावरून हलेना. "सॉरी, सॉरी गं," एवढंच म्हणत तो पलंगाच्या कडेला बसून माझे पाय दाबत राहिला. ती चादर त्यानंच धुतली, मशीनमध्ये न टाकता, हातानं. त्याच आठवड्यात तो मुलीच्या खोलीत झोपायला गेला. "मी घोरतो, तुला झोप हवी," म्हणाला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी खाणं विचारलं, लघवी विचारली, शौच विचारलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मला कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. तिथे एक काउन्सेलर बाई बसायच्या. माझ्याच वयाच्या, तोंडावर मास्क, आवाज मऊ, आणि हिंदी अशी की हिंदी म्हणावी की उर्दू. त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि विचारलं, "और आप दोनों कैसे हैं?"

आप दोनों. कॅन्सरच्या सगळ्या काळात मला हजार वेळा 'तुम्ही कशा आहात' विचारलं गेलं होतं. तुम्ही दोघं कसे आहात हे कुणीच नाही. मला जे रडू फुटलं ते आवरेना. नंतर लाज वाटली, तर त्या म्हणाल्या, या खोलीत येणाऱ्या बहुतेक जणी याच प्रश्नाला रडतात. बाहेर त्यांना सगळे म्हणतात, जीव वाचला ना, मग आता हे काय घेऊन बसलीस.

त्या बाईंनी मला माझं अंग पुन्हा समजावून सांगितलं. रेडिएशननं आतली त्वचा कोरडी होते, नाजूक होते, जागा आकसते. पाळी एकदम थांबल्यानं इच्छाही मावळते. आणि एकदा कळ बसली की शरीर ती लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी आधीच मूठ आवळावी तसं आवळून घेतं. यात तुमचं काही चुकलेलं नाही आणि तुमचं बाईपण कुठेही गेलेलं नाही. हे सगळं त्या पडदा न ठेवता, जागेचं नाव घेऊन बोलायच्या. मी एकदा चिडून विचारलं, ज्या जागेनं मला मारायला काढलं तिच्यावर मी आता प्रेम कसं करू? त्या म्हणाल्या, "मोहब्बत बाद में कीजिएगा. पहले सुलह तो कर लीजिए."

सुलह म्हणजे तह. तो तह मी बाथरूमची कडी लावून, श्वास मोजत, जेलनं हात बरबटून केला. सगळ्यात बारीक कांडीपाशी रडले, तिच्याहून जाडीपाशी पुन्हा रडले, आणि एक दिवस रडले नाही. काउन्सेलर बाईंना सांगितलं तर त्यांनी मला मिठी मारली. मग एका सकाळी नवरा आरशासमोर दाढी करत होता, मानेवर साबणाचा फेस राहिला होता, आणि मला तिथे हात लावावासा वाटला. पुसायला नाही, नुसताच. ही इच्छा मेली असं मी धरून चालले होते. त्या दिवशी संस्थेत पोहोचेपर्यंत मी रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं.

काउन्सेलर बाई म्हणाल्या, आता त्यांना घेऊन या.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. खुर्चीच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांवर, मुलाखतीला आल्यासारखा. आणि इथे एक गोष्ट झाली जी मला तेव्हा खटकली नाही. माझ्याशी सगळं उघड बोलणाऱ्या त्या बाई पुरुषासमोर लखनौच्या झाल्या. त्यांनी प्रत्येक शब्दावर दुपट्टा ओढला. "देखिए, इनके बदन ने बहुत कुछ झेला है. सब्र से काम लीजिएगा. आहिस्ता-आहिस्ता. जो ये कहें, जितना ये कहें." तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मग उठता उठता, मास्कच्या आडून, त्या हसून म्हणाल्या, "और हाँ, अब इनसे तकल्लुफ़ मत कीजिए."

तो ताडकन उभा राहिला. "नहीं करूँगा, मॅडम. कभी नहीं करूँगा. प्रॉमिस." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. काउन्सेलर बाई माझ्याकडे पाहून डोळ्यांनी हसल्या, आणि या वयात, या आजारानंतर, मी नव्या नवरीसारखं खाली बघितलं.

रविवार आला. थंडीचे दिवस होते, दुपारी पलंगावर ऊन येतं तसं आलं होतं. मी न्हाले, बाईंनी सांगितलेली सगळी तयारी केली, आणि मुलीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. तो पेपर वाचत होता. आयुष्यात पहिल्यांदा मीच म्हणाले, "साहेब, लाइन क्लिअर आहे."

त्यानं पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं. तो उठला, माझ्या कोपराला अलगद धरून मला माझ्या पलंगापाशी घेऊन आला, निजवलं, रजई गळ्यापर्यंत ओढली. "तू आराम कर," म्हणाला. "मला काही नको गं. खरंच काही नको." आणि स्वयंपाकघरात गेला. मी तशीच पडून आलं ठेचल्याचा आवाज ऐकत राहिले. चहा फार चांगला झाला होता. मी तो मोरीत ओतला.

त्या दुपारी मी मनात निकाल लावून टाकला. याला आता माझी किळस येते. चांगला माणूस आहे, सेवा करेल, मरेपर्यंत करेल, पण बायको म्हणून मी याच्यासाठी संपले. मला अपमान गिळता येत नाही, मी तो चघळते. काउन्सेलर बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच शहराच्या रीतीनं सांगितलं, "जी, सब ठीक है, आपका बहुत शुक्रिया," आणि जाणं बंद केलं. पिशवी परत स्वेटरांच्या खाली गेली.

घरात मग एक विलक्षण सभ्यता नांदू लागली. तो माझ्या खोलीच्या दारावर टकटक करायचा. "बसू का इथं?" म्हणून विचारायचा. भाजी वाढताना हाताला हात लागला तर "सॉरी" म्हणायचा. मुलगी सुट्टीला आली की म्हणायची, "मम्मा, आप दोनों कितने पोलाइट हो गए हो, यार!" तिला ते गोड वाटलं. मला तिला ओरडून सांगावंसं वाटायचं की अगं, तुझा बाप आणि मी भांडायचो, एकमेकांच्या अंगावर रेलून टीव्ही बघायचो, याचे थंड पाय माझ्या पोटऱ्यांना लावून हा झोपायचा. पण मुलीला हे काय सांगणार?

दर उन्हाळ्यात आम्ही मलिहाबादला एका ओळखीच्या बागेत दशहरी आंबे आणायला जायचो. त्या वर्षीही गेलो. झाडांच्या मधून पाण्याचा पाट गेला होता. तिथे दरवर्षी तो आधी उडी मारून मला हात द्यायचा आणि गरजेपेक्षा जास्त जोरात ओढायचा, म्हणजे मी त्याच्या अंगावर येऊन आदळावी. या वेळी पलीकडे जाऊन त्यानं छत्रीचा दांडा पुढे केला.

"हात झडलाय का तुझा?" मी विचारलं.

"नाही गं, ओढताना तुला हिसका बसायचा."

मी दांडा धरला नाही. चपलांसकट पाटाच्या पाण्यात उतरले आणि पलीकडे गेले. घरी आल्यावर आंब्यांची पेटी तशीच आपांकडे पाठवली.

असं आम्ही जगलो. सांगायला लाज वाटते, पण मला कधी कधी वाटायचं, कॅन्सरनंच नेलं असतं तर त्याच्या मनात मी अख्खी तरी राहिले असते.

आणि मग माझ्याऐवजी त्याचं हृदय बिघडलं. एका सकाळी दाढी अर्धी टाकून तो बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला, घामानं डबडबलेला. हॉस्पिटलात नेलं. झटका मोठा होता, पण वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो बोलायला लागला, सिस्टरला "ये सुई जरा आहिस्ता टोचो" म्हणायला लागला. ऑपरेशनचं काय ते दोन दिवसांत ठरवू म्हणाले. बंगळुरूहून आलेली मुलगी घरी जेवायला गेली होती. दुपारची भेटायची वेळ होती, मी त्याच्याजवळ टेकायला गेले आणि तो, नळ्यांसकट, धडपडत पलंगाच्या पार कडेला सरकला. मला जागा देण्यासाठी. दोन माणसं मावतील एवढी.

माझा तोल गेला. "सरकतोस कशाला? एवढी किळस येते का माझी?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तमिळमध्ये बोलले. "किळस? कुणाची?"

"माझी. या अंगाची. इतक्या दिवसांत एकदा तरी हात लावलास?"

"अगं, खुळी आहेस काय तू?" तो उठून बसायला बघत होता. "त्या मॅडमना प्रॉमिस नव्हतं का केलं मी? तुझ्यासमोर! काय म्हणाल्या त्या? आता इनसे तकलीफ मत कीजिए. मग? तुला तकलीफ देऊ होय मी?"

मला आधी काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. आपांकडचं जेवण, पानावर आडवा धरलेला हात, हसणारं घर, मी मारलेली थाप. ती कोटी नव्हती. या माणसाला तो शब्द कधी ऐकूच आला नव्हता.

"तकलीफ नाही रे," मी म्हणाले. "तकल्लुफ म्हणाल्या त्या."

"तेच की."

"तेच नाही. तकल्लुफ म्हणजे परक्यासारखं वागणं. दारावर टकटक करणं. बसू का म्हणून विचारणं. छत्रीचा दांडा पुढे करणं. ते करू नका म्हणाल्या त्या. जवळ जा म्हणाल्या."

"जवळ जा म्हणाल्या?"

"हो."

"आणि त्या रविवारी तू आलीस ती..."

"मनापासून आले होते."

"मला वाटलं, माझ्यासाठी सोसायला आलीस." त्याचा आवाज फुटला. "तुझी ती किंकाळी माझ्या कानातनं जाईना गं. म्हटलं, परत तसं होता कामा नये. काही झालं तरी."

आणि मग तो हसायला लागला. "आईशप्पथ, तकल्लुफ!" म्हणत, छाती धरून, डोळ्यांतून पाणी वाहत. मीही हसत होते आणि रडत होते आणि त्याला चापट मारत होते, जिथे नळ्या नव्हत्या तिथे. मशीन टूं टूं करायला लागलं. सिस्टर धावत आली, दोघांना रागावली, गेली. तो शांत झाला. मग पांघरुणाची कड उचलून, अगदी पेपरातून डोकं वर काढल्याच्या चेहऱ्यानं त्यानं विचारलं, "मग? लाइन क्लिअर?"

मी काचेच्या दाराकडे बघितलं. पलीकडच्या पलंगावरच्या आजोबांकडे बघितलं. आणि एका पायातली चप्पल काढली. तेवढ्यात सिस्टर परत आली. "आंटी जी, टाइम हो गया, चलिए."

मी चप्पल पायात सरकवली. "गाडी लेट आहे," त्याला म्हणाले. "उद्या."

"उद्या तर उद्या. लाइन कुठं जातीय आता." त्यानं माझा हात धरला होता. घट्ट, दुखेल इतका. सॉरी म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेआधीच हॉस्पिटलचा फोन आला.

पुष्कळ महिन्यांनी मी पुन्हा त्या कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत गेले. काउन्सेलर बाईंना सगळं सांगितलं, दोष द्यायला नाही, पण माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी ते ठाऊक असावं म्हणून. त्यांनी मास्क काढला, चष्मा काढला आणि तोंड ओढणीत लपवलं. आता त्या नवऱ्यांसमोरही आडपडदा ठेवत नाहीत. हात लावा, जवळ झोपा, दुखलं तर थांबा, पण लांब राहू नका, असं सरळ सांगतात. आणि मग म्हणतात, "अब अपने लफ़्ज़ों में बताइए, आपने क्या समझा." पुरुष घाम पुसत सांगतात. कधी मलाही तिथे बसवतात, नवीन आलेल्या एखादीशी बोलायला. नवरा-बायको हातात हात घेऊन त्या खोलीतून बाहेर पडतात तेव्हा मला बरं वाटायला हवं. मला हेवा वाटतो. इतका की काही दिवस मी जातच नाही.

पण माझ्या मनात सारखा येतो तो दिवस याच्या आधीचा. तो गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला. घर माणसांनी भरलं होतं, कोल्हापूरहून दीर-नणंदा आल्या होत्या, चूल बंद होती. समोरच्या आपा रोज डबा घेऊन यायच्या, साधी डाळ, रोट्या, लौकीची भाजी. माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं. मी पानावर हात आडवा धरून बसले होते. आपा माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत असताना, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तकल्लुफ़ न कीजिए, बेटी. दो निवाले खा लीजिए."

मी तोंड उघडलं आणि त्यातून त्याची हिंदी बाहेर आली. "नहीं नहीं," मी म्हणाले, "हमको कुछ तकलीफ नहीं है. एकदम मस्त है."

आपांचा हात माझ्या डोक्यावर थांबला. त्यांना ते जेवण आठवलं होतं. या वेळी कुणी हसलं नाही.